एकवीस लंबरचा बिल्ला

त्या दिशी वट्यावर कोन कोन व्हतं ते आदी सांगते. सासूबाई व्हत्या, चौकटीला पाठ लावून बसलेल्या. माजी धाकटी जाऊ व्हती, नाचनी पाखडत. शेजारची काकी व्हती, दाताला मिसरी लावत. पायरीवर मार्गासनीचा एक बाप्या व्हता, मुंबईला एका मोठ्या हाटेलाच्या दारावर दरवान म्हनून लागलेला. आनी मी व्हते, मांडीवर माजी लेक, तीन म्हैन्यांची. एवढीच मानसं. त्यातली आता मी ऱ्हायले आनी ती लेक ऱ्हायली, आनी तिला त्यातलं काय आठवनार.

मला लिवता येत न्हाई. सही तेवढी येती, ती पन म्हातारपनी शिकले. नात लिवून घेतीया. तिला म्हनलं, नावं घालू नगंस कुनाची. मेलेल्या मानसांची नावं कागदावर कशापायी.

त्या दिवसाच्या आदी आठ म्हैनं माजा नवरा मेला व्हता आनी मला ठावं न्हवतं. आठ म्हैनं मी कुकू लावलं, बांगड्या भरल्या, वटी भरून घेतली. हे कसं झालं ते सांगते.

आमचं गाव मार्गासनीच्या फुडं, यल्ह्याच्या अंगाला, डोंगराच्या पोटात. माजं म्हायेर भोंगवलीचं, संस्थानातलं. तिकडं रान सपाट. हितं आले तर समदी खाचरं. भात आनी नाचनी, बाकी काय न्हाई. पाऊस सरला की बाप्याला काम न्हाई, म्हनून घरटी एक तरी मुंबईला. नसरापुरापत्तुर चालत जायचं, फुडं मोटार, मग पुन्याहून आगगाडी. मुंबईत गावाची एक खोली व्हती. सात-आठ जन एका खोलीत, समदे गावचेच, निजायला सुदिक पाळ्या लावलेल्या.

त्यांची कामं पन गावाचीच व्हती म्हना. कुनी लावनीला घरी आला, कुनी आजारी पडला, की खोलीतला दुसरा त्याच्या जागी जाऊन हुबा ऱ्हायचा. त्याचाच कोट घालायचा, त्याचंच नाव सांगायचं. सायबाला काय त्याचं. काळं त्वांड, पांढरा कोट, झालं. समद्यांनी एवढंच बगायचं की जागा गावाबाहिर जाऊ नये. याला बदली म्हनायचे, आनी त्यात कुनाला पाप वाटत न्हवतं. मला पन न्हाई वाटलं. आमच्याच घरात आमचा दीर, जावंचा नवरा, गोदीत व्हता, त्यो ह्यांच्या बदलीवर दोन डाव हुबा ऱ्हायल्ता, तवा मीच त्याला लाडू करून दिलं व्हतं.

ह्ये म्हंजी माजं मालक. ह्ये डावखुरे व्हते.

आता कुनी त्याचं काय म्हनत न्हाई. तवा लई म्हनायचे. माजं लगीन झालं त्या साली चुलतसासऱ्याच्या घरी पंगत व्हती. ह्यांनी आमटीची बादली उचलली आनी वाढाय लागले, डाव्या हातानं. पंगतीत भावकीतले एक म्हातारे बसल्ते. त्यांनी पत्रावळीवर हात आडवा धरला.

"डाव्या हातानं वाढतोस व्हय रं? पित्रं जेवाया बसल्यात का हितं?"

ह्यांनी वगराळं उजव्या हातात घेतलं. त्यो हात कवा कामाचाच न्हवता. आमटी गेली म्हाताऱ्याच्या मांडीवर. समदी पंगत हसली. मागनं कुनीतरी वरडलं, "तात्या, आंगूळ राहिली व्हती जनू!" मी आतनं, चुलीपाशी बसून ऐकत व्हते. नवी नवरी, हसावं का रडावं कळंना.

तवापासनं गावात पंगत असली की ह्ये उष्ट्या पत्रावळी उचलायचे. त्याला कंचाबी हात चालतो.

मुंबईला गेले ते पयले दोन वरसं गोदीत व्हते. मग गावातला एक म्हातारा बाप्या कायमचा घरी आला, त्याची हाटेलातली जागा ह्यांना मिळाली. कोटातलं, म्हंजी फोर्टातलं हाटेल, सायेब लोकांचं. पितळंचा बिल्ला छातीवर लावायचा, त्याच्यावर एकवीसचा आकडा. नावानं हाक न्हाईच. एकवीस लंबर, हिकडं ये. एकवीस लंबर, बरफ आन.

पयलं बरफ फोडायचं काम व्हतं. हातभर लांब लादी, सुईसारख्या टोच्यानं फोडायची, आनी दिवसभर हात त्याच्यात. मग तिथं दारूच्या फळीमागं जो गोव्याकडचा मुकादम व्हता, त्यानं ह्यांना बघितलं. दोन मानसं फळीमागं शेजारी हुबी ऱ्हाऊन भांडी हलवत्यात, तर कोपराला कोपर लागतं, सांडलवंड व्हती. एक उजव्या हाताचा आनी एक डाव्या हाताचा असला म्हंजी लागत न्हाई. म्हनून मुकादमानं ह्यांना फळीच्या डाव्या टोकाला हुबं केलं. गावात ज्या हातापायी पंगतीतनं उठीवलं, त्याच हातापायी तिकडं जागा मिळाली. घरी आले का ही गोष्ट दर वेळी सांगायचे. हसत न्हवते, पन सांगायचे.

शिमग्याला घरी आले का वट्यावर बसून तिकडची खबर. आमाला त्याच्याइतकी मजा दुसऱ्या कशाचीच न्हाई. ह्ये म्हनायचे, चांदीचं भांडं असतं, एकावर एक दोन तांबे उपडे घातल्यागत. त्याच्यात बरफ, दोन-तीन परकारची दारू, लिंबू, साखर, एखाद्यात अंड्याचं पांढरं. मग खांद्यापाशी धरून हलवायचं. कवा थांबायचं ते कानानं कळतं, बरफाचा आवाज बारीक झाला की बास. त्याला काकटेल म्हनत्यात.

"ताक व्हय," सासूबाई म्हनाल्या.

"ताक न्हवं आये. दारू."

"मग घुसळता कशापायी? लोनी निगतं का?"

"न्हाई निगत."

"मग येडेच हायती."

पेला कसा असतो तर एका पायावर हुबा, बगळ्यावानी. आनी त्याच्यात काडीला टोचून एक हिरवं फळ सोडायचं, खारवलेलं, आपल्या कच्च्या करवंदाएवढं. जाऊ लई हसली त्याला. म्हनली, "भावजी, आवो करवंदं हितं डोंगराला लागल्यात की. सायेबास्नी म्हनावं या, जाळीत शिरा, काटं खावा."

सासूबाईंनी एकदाच काळजीनं इचारलं, "त्याला हात लावतुस?"

"हात लावतो. त्वांड न्हाई लावत."

एवढ्यावर त्यांचं समाधान झालं.

ह्ये घरी आले नसले तरी जो कुनी खोलीतला गावाला येईल त्याच्या हाती एक मोकळी बाटली धाडायचे. हिरवी, न्हाईतर चौकोनी. हितं बाटलीला लई मोल, करंजाचं तेल घालायला, मध घालायला. ह्ये ती राखंनं घासून, कढत पान्यानं धुऊन, उन्हात सुकवून द्यायचे, कारन सासूबाईंना वास चालत न्हवता. बूच पन उकळून. बाटली आली की मी पयली नाकाला लावायचे. कसलाच वास न्हाई. मग मला कळायचं, मानूस बरं हाय.

शेवटच्या शिमग्याला आले तवा एक नवी खबर व्हती. हाटेलात नवा बार उघडला, फळी नवी, मागं आरसा. उघडायच्या दिशी समद्या कामगारांचा फोटो काढला. ह्ये म्हनले, "मी टोकाला हुबा हाय, चांदीचं भांडं धरून. फोटोवाला म्हनला हात बदल. मुकादम म्हनला, ऱ्हाऊ दे, त्याचा हात त्योच हाय." असं सांगताना त्यांनी डावा हात वर धरून दाखीवला. बोटं बरफानं पांढरी पडल्ती, कातडं निगालं व्हतं. खोकत व्हते थोडं. मी म्हनलं, आवशद घ्या कुनाचं तरी. म्हनले, घेतो. चार दिवस ऱ्हायले आनी गेले. ते मला शेवटचे दिसले. मला दिवस गेल्याचं ते गेल्यावर कळलं.

त्या पावसाळ्यात, सरावनात, आमी भाताची बेननी करत व्हतो, तन काढत, तवा खबर आली की मुंबईत दारू बंद झाली. सरकारनंच बंद केली. खाचरात वाकलेल्या बाया एकदम ताठ झाल्या.

"मग आता हाटेलवाले पाजत्यात काय?"

"लिंबाचं पानी म्हनं. बरफ घालून."

"त्ये तर मी फुकाट पाजते! बोलवा सायेबाला!"

समद्या हसल्या. मी पन हसले. माज्या मनात एकच, आता फळी बंद, आता ह्ये घरी येनार. पोर व्हायच्या आत येनार. बाकीच्या बायांचे बाप्ये गोदीत, गिरनीत, त्यांना दारूचं काय न्हवतं. मी तेवढी मनात म्हनत व्हते, बरं केलं सरकारनं. कायमची बंद ऱ्हाऊ दे.

गनपतीला खोलीतला एक जन गावाला आला. ह्ये न्हाई आले. त्यो म्हनला, गोऱ्या लोकांना परवाने हायती, त्यांच्यासाठी फळी चालूच हाय, एकवीस लंबरला सोडत न्हाईत. बरा हाय. हे सांगताना त्यो माज्याकडं न बगता बैलाकडं बगत व्हता. मग त्यानं सासूबाईंना दुसरी खबर दिली. तुमचा धाकटा गोदीतनं नाहीसा झाला. बोटीवर गेला म्हनत्यात, लढाईच्या. पत्ता न्हाई.

घरात रडारड झाली. सासूबाई दोन दिवस जेवल्या न्हाईत. जाऊ माजी रडली न्हाई, ती गप झाली. अठरा-एकोनीस वरसांची पोर, मूल न्हाई, नवरा बोटीवर का पान्यात कुनाला ठावं न्हाई. तिला कुनी उघड काय बोलत न्हवतं, पन वटी भरायच्या वेळी तिला म्हनायचे, तू जरा चुलीकडं बघ. आनी मी, घरातली थोरली, मला वाटायचं बिचारी. असं वाटायला पन बरं वाटतं मानसाला. खोटं कशाला बोलू.

त्या मानसानं आनलेल्या बाटलीला वास येत व्हता. दारूचा, कुबट. म्या म्हनलं, घाईत असतील. राखंनं तीनदा घासली आनी तेल भरलं.

मार्गशीर्षात लेक झाली. कुनाच्या तरी हाती निरोप धाडला. म्हैन्यानं माघारी निरोप आला. म्या इचारलं, "काय म्हनले?"

"बरं झालं म्हनला."

"अजून काय?"

"एवढंच म्हनला."

पौषात संक्रांत आली. आमच्या आळीत सवाष्नी एकमेकींना वान देत्यात. त्या साली आमच्या घरनं वान द्यायचं काम माज्याकडं, सासूबाई तर रांडव. मी ताट घेऊन ओळीनं हळदी-कुकू लावत निगाले. ओळीत माजी जाऊ पन येऊन बसल्ती. तिला कुनी बस म्हनलं न्हवतं, पन ऊठ पन म्हनलं न्हवतं. कपाळावर तिचं कुकू व्हतं, बारीक. मी तिच्याम्होरं आले. बाया बगत व्हत्या. म्या बोट करंड्यात घातलं, आनी तिच्याम्होरनं तसंच फुडं गेले. दुसरीला लावलं.

ती बसून ऱ्हायली. मग उठून घरी गेली आनी म्हशीला पानी पाजलं.

त्या दिशी माज्या नवऱ्याला मरून सहा म्हैनं झालं व्हतं आनी तिचा नवरा जित्ता व्हता.

मग शिमगा आला. मुंबईकर गावाला आले. ह्ये न्हाई आले, निरोप आला, लढाईमुळं हाटेलात गोऱ्या शिपायांची गर्दी, रजा न्हाई. आनी होळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिशी सकाळच्या पारी मार्गासनीचा त्यो दरवान आला, बाटली घेऊन. त्याला आमी वळखत न्हवतो. त्यो दिवाळीपासनं हाटेलात लागल्ता. आमच्या गावच्या खोलीतला न्हवता. एकवीस लंबरनं त्याला सांगितलं, मार्गासनीला जातोयस तर फुडं आमच्या घरी एवढं दे. म्हनून बिचारा चालत आला.

पायरीवर बसला, गूळ-पानी घेतलं, आनी खबरी सांगाय लागला. मोठा बोलका मानूस. हाटेलात नवा बाजा आलाय, काळे हबशी वाजिवत्यात. एक मडम गाते, पाठ उघडी टाकून. काकी म्हनली, "थंडी वाजत नसंल तिला?" त्यो म्हनला, "काकू, तिला न्हाई, बगनाऱ्याला घाम फुटतो." परवाना नसलेला सायेब चहाच्या कपात दारू मागतो, चमचा घालून ढवळत बसतो. आमी समद्या हसत व्हतो. सासूबाई सुदिक.

"आनी तुमचा एकवीस लंबर!" त्यो म्हनला. "मी दारातनं बगतो. काय हलवितो, काय हलवितो! गोरे शिपाई टाळ्या वाजिवत्यात."

त्यानं आनलेली बाटली उचलली आनी उजव्या खांद्यापाशी धरून हलवून दाखीवली.

म्या म्हनलं, "त्यो हात न्हवं."

"आँ?"

"डाव्या हातानं हलवत्यात ह्ये."

"न्हाई वैनी, उजव्या. मी रोज बगतो की."

"डाव्या."

"तुमी म्हना डाव्या," त्यो हसत म्हनला. "मला काय. पन उजव्या."

काकीची मिसरी थांबली. मला अजून काय कळलं न्हवतं. एवढंच वाटत व्हतं, ह्या मानसाची नजर धड न्हाई. तेवढ्यात जाऊ बोलली. ती त्या मानसाशी आजपत्तुर एक सबुद बोलली न्हवती, पदर त्वांडावर धरूनच इचारलं.

"त्याच्या कानाखाली काय हाय का?"

"हाय की. भाजल्याचा डाग हाय. एवढा."

माज्या दिराच्या कानाखाली डाग व्हता. ल्हानपनी चुलीवर पडल्ता.

तिच्या हातातलं सूप तिनं खाली ठेवलं. पडलं न्हाई, ठेवलं. मग उठली, माज्याजवळ आली आनी माज्या मांडीवरची पोर उचलून घेतली. माजे हात सैल पडल्ते, पोर घसरत व्हती, ते मला कळलं न्हवतं, तिला कळलं. तिचा नवरा जित्ता हाय हे तिला त्याच घडीला कळलं व्हतं. पन तिनं माज्याकडं बघितलं, आनी तिच्या तोंडावर काय म्हंजी काय न्हवतं.

सासूबाई उठल्या. खोलीतला एक जन शिमग्याला गावात आल्ता, वरच्या आळीला त्याचं घर. त्या अनवानी तशाच गेल्या. दरवान म्हनला, "माजं काय चुकलं का?" त्यानं बाटली पायरीवर ठेवली आनी गेला. पुन्यांदा कवा आला न्हाई.

सासूबाई माघारी आल्या त्या वट्याला टेकल्या न्हाईत. उभ्यानंच म्हनाल्या, "थोरले, ऊठ. चुलीवर आंगुळीचं पानी ठेव."

मग मला कळलं.

आषाढात ह्यांच्या छातीत कफ धरला. बरफाची वखार आनी भटारखाना, दिवसभर थंडीतनं उकाड्यात आनी उकाड्यातनं थंडीत. पाचव्या दिशी दवाखान्यात गेले. खोलीतल्यांनी तिकडंच अग्नी दिला. घरी सांगायचं तर लावनी चालू, घरात बाया एकट्या. म्हनले, लावनी झाल्यावर सांगू. लावनी झाली तवा म्हनले, आता ती गरवार हाय. मग म्हनले, बाळंत व्हऊ दे. जितकं लांबलं तितकं त्वांड उघडंना. आनी जागा व्हती ना. एकवीस लंबर मेला असं हाटेलात कळलं असतं तर बिल्ला दुसऱ्या गावच्या मानसाला गेला असता. म्हनून एकवीस लंबर मेला न्हाई. त्याच्या जागी धाकटा जाऊन हुबा ऱ्हायला, आनी धाकटा बोटीवर गेला असं सांगितलं. गोव्याच्या मुकादमानं वळखलंच असंल, पन त्याला काम ठावं असलेला मानूस हवा व्हता, त्यानं डोळं झाकलं. बदलीच केली त्यांनी. नेहमी करायचे तशी.

चैत्रात दीर आला. पायरीपाशी हुबा ऱ्हायला, वर चढंना. सासूबाई वट्यावर.

"थोरला कंच्या दिशी गेला?"

"आषाढात, आये. अमुशेच्या आदल्या दिशी. सकाळी."

"त्या दिशी तू काय केलंस?"

"अग्नी दिला."

"मग?"

दीर खाली बघत व्हता.

"मग काय केलंस, इचारते मी."

"कामाला गेलो. त्याची दुपारची पाळी व्हती."

"त्याच दिशी?"

"व्हय. न्हाईतर लंबर गेला असता. कोट धुतलेला व्हता त्याचा, वाळला न्हवता. तसाच घातला."

सासूबाईंनी त्याला मारलं न्हाई, शिवी दिली न्हाई. मग म्हनाल्या, "ओला कोट घातलास. त्याला पन तसाच कफ झाला." आनी आत गेल्या. तवा कुठं त्यो रडला, पायरीला धरून.

म्या त्याला एकच इचारलं. "भावजी, लेक झाल्याचा निरोप आला तवा बरं झालं असं तुमीच म्हनलात का?"

"व्हय वयनी."

"बरं."

दहावा-तेरावा मग केला, नदीला जाऊन. कावळा लवकर शिवंना. आठ म्हैनं त्याला कुनी बोलावलं न्हवतं. माज्या बांगड्या काढल्या तवा हात धरायला जाऊच व्हती. संक्रांतीचं ती काय बोलली न्हाई, त्या दिशी न्हाई आनी पुढं मरंपत्तुर न्हाई. मी वाट बगत व्हते, एकदा तरी बोलंल, एकदा तरी टोमना मारंल, भांडनात तरी. एका चुलीवर आमी तीस वरसं काढली. एकदा पन न्हाई. फुडच्या संक्रांतीला वान द्यायचं काम तिच्याकडं आलं. ती ताट घेऊन ओळीनं आली. मी ओळीत न्हवतेच, दाराआड हुबी व्हते. तिनं दाराकडं बघितलं. मग खाली मान घालून फुडं गेली. तशीच रीत व्हती.

दीर माघारी हाटेलात गेला. दुसरं काय करनार, घरात पाच तोंडं. त्यो जन्मभर एकवीस लंबर म्हनूनच ऱ्हायला. माज्या नवऱ्याच्या नावानं हाजरी, त्याच्या नावानं रजा. म्हातारा व्हऊन घरी आला तवा हाटेलानं जो कागद दिला त्याच्यावर पन माज्या मालकाचंच नाव. त्यो कागद त्यानं माज्या हातात दिला, म्हनला वयनी, तुमचा हाय. म्या चुलीत न्हाई घातला. पन ठेवला पन न्हाई, सासूबाईंच्या पेटीत टाकला, पुढं वाळवीनं खाल्ला.

ह्यांचं घरात काय न्हाई आता. बाटल्या व्हत्या सात-आठ, त्या पोरांनी फोडल्या. एक हिरवी हाय, तिला बूच न्हाई. माज्या लेकीनं बापाला बघितलं न्हाई, बापानं लेकीला बघितलं न्हाई. ती आता स्वता आज्जी झालीया. परवा मला म्हनली, आये, माज्या बापाचं नाक कसं व्हतं गं? मला सांगता येईना. हात आठवतो. नाक न्हाई आठवत.

दिराला म्या एकदा इचारलं व्हतं, त्यो फोटो हाय का तिकडं. म्हनला, मॅनेजरच्या खोलीत टांगलेला व्हता. हाटेल पुढं दुसऱ्यानं घेतलं, नवा रंग दिला, तवा फोटो कुठं गेला कुनाला ठावं न्हाई. पन फोटोतल्या चार-पाच जनांनी आपापल्या पैशानं त्याची नक्कल काढून घेतली व्हती, असं म्हनला. गोव्याच्या मुकादमानं तर नक्की.

ज्याच्या हाती हे पडंल त्याला माजं एवढंच मागनं हाय. तुमच्या घरातला कुनी जुना मानूस मुंबईच्या सायेबाच्या हाटेलात व्हता का ते बगा. पेटीत, माळ्यावर, फ्रेमीच्या मागं बगा. पांढऱ्या कोटातल्या मानसांची रांग आसंल, मागं आरसा आसंल. टोकाला एक मानूस हुबा आसंल, चांदीचं भांडं धरून, डाव्या हातात. फोटो देऊ नका, तुमचा हाय. मार्गासनीच्या फुडं यष्टी थांबती तिथं कुनाला बी इचारा, हाटेलवाल्याची लेक कुठं ऱ्हाती. येऊन तिला एकदा दाखवा.